दिवेलागणीचा एक तास : मुळशीच्या ग्रामसभांना अनावृत पत्र

प्रति,
मुळशी तालुक्यातील सर्व ग्रामसभांचे सभासद,
तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

विषय : सायंकाळी ठराविक वेळ गावाने मिळून मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याबाबत.



‘अवधान’ हा शब्द आता कीर्तनकारांच्या तोंडी आणि व्याख्यानमालांच्या पत्रिकांपुरता उरला असला, तरी त्याचे गोत्र मोठे आहे. मन एका जागी ठेवणे म्हणजे अवधान, ते ठेवताना मध्ये जे आडवे येते ते व्यवधान, आणि अवधान राखून असलेला तो सावधान. त्यामुळे अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या वधूवरांना भटजी जे बजावतात ती धोक्याची सूचना नसून, या क्षणी इथे पूर्णपणे हजर राहा, एवढेच त्यात सांगितलेले असते. (तो शब्द ऐकून रामदास मांडवातून निघून गेले, ही आख्यायिका खरी मानली तर तो सर्वांत गंभीरपणे त्यांनीच घेतला असे म्हणावे लागेल.) ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दक्षिणा मागितली नाही की स्तुती मागितली नाही, त्यांनी अवधान मागितले आणि ते मिळाले तर श्रोता सर्व सुखाला पात्र होईल असे आश्वासन दिले. या मागणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि या पत्राचा सगळा भार तिच्यावरच आहे. अवधान ही एकट्याने कमावण्याची सिद्धी नसून एकाने दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे, आणि म्हणून ते टिकते की विस्कटते हे माणसाच्या निग्रहाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो ज्या मंडळीत बसला आहे त्या मंडळीच्या रीतीवर ठरते. तसे असेल तर मोबाइलच्या पडद्यात हरवलेल्या मनाचा प्रश्न डॉक्टर, शिक्षक किंवा मोबाइल कंपनी यांच्याआधी ग्रामसभेकडे यायला हवा. हे पत्र त्याच हेतूने तिच्याकडे येत आहे.

पत्र मुळशीलाच का, याचे उत्तर तालुक्याच्या नकाशात आहे. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी, माण आणि मारुंजी ही गावे आहेत, जिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारतींत हजारो तरुण दिवसरात्र पडद्यासमोर बसतात. पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणीचा घाट आहे, जिथल्या कित्येक वाड्यांवर फोन लावायचा तर अजूनही टेकाड चढावे लागते. आणि मधल्या पट्ट्यात पिरंगुटचे कारखाने, पौडची कचेरी, धरणाचे पाणी आणि त्या पाण्याच्या काठाने उभी राहिलेली रिसॉर्ट आहेत. अशा ठिकाणी ‘डिजिटल डिटॉक्स’ नावाचा एक माल अलीकडे विकला जातो. डिटॉक्स म्हणजे शरीरातले विष उतरवणे. त्यावरून काही दिवस फोनपासून दूर राहून मन हलके करणे असा त्याचा अर्थ केला गेला. म्हणजे हिंजवडीत आठवडाभर ज्याचे लक्ष खर्ची पडते तो शनिवारी चाळीस-पन्नास किलोमीटर पश्चिमेला येऊन, रेंज नसलेल्या खोलीचे भाडे भरतो, आणि त्याच खोलीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे कुटुंब रेंज नसल्याबद्दल ग्रामपंचायतीत अर्ज देत असते. एकाच तालुक्यात एकच अभाव एकाची चैन आणि दुसऱ्याची तक्रार ठरतो, ही विसंगती नीट पाहिली म्हणजे लक्षात येते की सावकाश जगण्याची सध्याची भाषा बहुतेक करून ज्याला परवडते त्याच्यासाठी घडवलेली आहे. ती भाषा ग्रामसभेने उसनी घेऊ नये.

लक्ष विस्कटते कसे, याचे थोडे शास्त्र आधी सांगणे आवश्यक आहे, कारण तो दोष आपल्या पोरांच्या वळणाचा किंवा आयांच्या ढिलाईचा आहे असा समज गावोगाव पक्का झालेला दिसतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे मांडले होते की माहिती जिथे मुबलक होते तिथे ती माहिती जे खाते त्याची टंचाई होते, आणि माहिती खाते ती ऐकणाऱ्याचे लक्ष. टंचाई आली की किंमत येते आणि किंमत आली की ती वस्तू गोळा करणारे व्यापारी येतात. फुकट मिळणारी बहुतेक ॲप ही वापरणाऱ्याचे लक्ष गोळा करून जाहिरातदाराला विकणारी दुकाने आहेत. २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने पडदा खाली सरकवत नेला तरी मजकूर संपूच नये अशी रचना तयार केली, जिला ‘इन्फिनिट स्क्रोल’ म्हणजे न संपणारी गुंडाळी म्हणता येईल, आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. तोवर पान संपत असे, आणि पान संपले की वाचणारा मान वर करी. आता मान वर करायला निमित्तच राहिले नाही. त्यातच, पुढच्या बोटासरशी काय येईल हे ठाऊक नसणे हाही योजनेचाच भाग आहे; बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसून आले होते की कळ दाबल्यावर दाणा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही असे असेल, तर कबूतर ठरलेल्या वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा कितीतरी अधिक चिकाटीने कळ दाबत राहते. आपल्याकडे ही सगळी यंत्रणा शहरांत हळूहळू आली, गावांत मात्र ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचा दर कोसळल्यावर एकदमच आली, आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर गेल्यामुळे जे घर तोवर वाचले होते त्या घरालाही तो विकत घ्यावा लागला.

परिणाम मोजणाऱ्यांपैकी ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधिकेचे काम बरेच उल्लेखिले जाते. पडद्यावर काम करणारा माणूस एका पडद्याकडे सरासरी किती वेळ सलग पाहतो हे त्यांनी वर्षानुवर्षे मोजले, तेव्हा २००४ च्या सुमारास तो काळ अडीच मिनिटांच्या आसपास होता आणि अलीकडच्या वर्षांत तो सुमारे ४७ सेकंदांवर आला असल्याचे आढळले. संशोधिका सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये आणखी एक बाब मांडली, जिला मराठीत ‘अवधानाची साय’ म्हणता येईल: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की मनाचा थोडा थर पहिल्याच कामाला चिकटून राहतो आणि दुसरे काम तेवढ्या कमी मनाने होते. जेवताना फोन पाहून पुन्हा ताटाकडे वळलेल्या माणसाला भाजी अळणी आहे हे शेवटच्या घासाला कळते, ते यामुळेच. ‘अष्टावधानी’ हे विशेषण आपल्याकडे कौतुकाने लावले जाते. पण मूळचा अष्टावधानी आठ विषय वर्षानुवर्षांच्या सरावाने स्मरणात धरून ठेवत असे आणि प्रत्येकाचा धागा बरोबर परत उचलत असे. फोनवर आठ खिडक्या उघडणाऱ्याच्या हातून आठही धागे सुटतात, एवढाच काय तो फरक.

आता याच्या उलट बाजूला, अवधान असते तेव्हा ते कसे दिसते, हे पाहायला मुळशीकरांना कुठल्या शिबिराला जाण्याचे कारण नाही; जुलैतले भातखाचर पुरेसे आहे. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी पोटऱ्यांपर्यंत असते, बांधावरून कुणीतरी रोपांच्या मुठी फेकत असतो आणि त्या पाण्यात छपकन पडतात. डाव्या हातात मूठ धरून बाई उजव्या हाताने दोन-तीन रोपे सुटी करते, अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत धरून ती चिखलात उभी दाबते, बोट बाहेर काढताना चिखल आपोआप मुळांभोवती मिटतो आणि चूड उभा राहतो. रोप खोल गेले तर फुटवे कमी येतात, वर राहिले तर पाण्यावर तरंगते, म्हणून किती दाबायचे हे बोटालाच ठाऊक असावे लागते. लावणी करणाऱ्या बाया पुढे चालत नाहीत, मागे मागे सरकतात, त्यामुळे लावून झालेली ओळ सतत त्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि शेजारणीचा हात मागे पडला की तो लगेच दिसतो. हातांना चिखल असल्यामुळे फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावरच्या छत्रीखाली ठेवलेला असतो. तो वाजतो, सगळ्या ऐकतात, आणि कुणीच जात नाही. कारण एकीने ओळ सोडली तर सगळ्यांची ओळ मोडते. ज्या कामाला कुठे सावड तर कुठे इर्जिक म्हणतात, म्हणजे आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या अशा फेडीच्या श्रमाने होणारे काम, त्यात मन एकाग्र राहण्याचे कारण कुणा एकीचा मनोनिग्रह नसतो. कारण ती रांग असते. (या दृश्यात कंबरेचे दुखणे दिसत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. लावणीला ध्यानधारणा म्हणणाऱ्याने आधी एक दिवस लावणी करावी.)

रांगेने जे शेतात साधते तेच गावाने जागेच्या बाबतीत पूर्वी देवराईत साधले होते. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेला रानाचा तुकडा, ज्यातून कुऱ्हाडीने तोडणे तर सोडाच, पडलेली काटकीही न्यायची नाही असा दंडक असे. मुळशी आणि मावळच्या डोंगरांत अशा राया अनेक ठिकाणी टिकून आहेत, आणि १९७० च्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केल्यापासून त्यांचे महत्त्व शास्त्रालाही मान्य झाले आहे. त्या अभ्यासापलीकडे देवराईची एक गोष्ट इथे विशेष कामाची आहे. तिला तारेचे कुंपण नसते. सबंध डोंगर गावाला चराईला आणि सरपणाला मोकळा असतो, तेवढ्या एका तुकड्यात मात्र कुणीच काही घ्यायचे नाही, आणि कुणीच घेत नाही म्हणूनच प्रत्येकाला न घेणे सोपे जाते. शेजाऱ्याने एक फांदी तोडली की दुसऱ्याला आपला संयम मूर्खपणा वाटू लागतो आणि राई एका पिढीत संपते. मोबाइलचे तंतोतंत असेच आहे. मुलाने पुस्तक उघडावे अशी बापाची इच्छा असते, पण बापाच्या हातात फोन असतो. बापाने तो ठेवावा म्हटले तर कामावरच्या गटात इतर सगळे बोलत असतात. घरातला टीव्ही बंद केला तर शेजारच्या घरातली मालिका भिंतीतून ऐकू येते. प्रत्येक जण एकटा लढतो आणि प्रत्येक जण दुसऱ्यामुळे हरतो. जागेची देवराई जशी गावाने राखली तशी वेळेचीही राखता येईल का, एवढाच या पत्राचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर सांगली जिल्ह्यातील एका गावाने दिलेले आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे, ऊसशेतीवर जगणारे गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या, मुले वर्गात परत आली, पण त्यांचे मन परतले नाही, असे शिक्षकांच्या ध्यानात आले. वर्गाआधी आणि वर्गानंतर फोन सुटत नव्हता. दुसरीकडे संध्याकाळच्या मालिका आणि फोन यांमुळे घरातले बोलणे आटल्याची चर्चा गावात होतीच. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने सभेत ठरले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की गावातले सगळे टीव्ही आणि फोन बंद व्हावेत आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत बंदच राहावेत. आरंभी बऱ्याच जणांनी, विशेषतः पुरुषांनी, हसण्यावारी नेले. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक यांनी घरोघर फिरून सांगितले, आणि हळूहळू त्या दीड तासात मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचायला किंवा नुसती ओट्यावर बोलायला बसू लागली. बातमी देशभर गेली, परदेशी वृत्तसंस्थांचे प्रतिनिधी येऊन गेले.

या प्रयोगात खरी युक्ती भोंग्याची आहे, आणि तिच्याकडे बातम्यांत जेवढे द्यायला हवे होते तेवढे लक्ष दिले गेले नाही. फोन बंद करा असे सांगणारी सूचना जर फोनवरच आली असती तर ती इतर शंभर सूचनांत बुडून गेली असती; ध्यानाला बसण्याची आठवण करून देणारी ॲप जगभर लाखोंनी विकली जातात आणि त्यांचा पराभव नेमका याच जागी होतो. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसणाऱ्याला फोन आधी जमा करावा लागतो, तो त्याच समजुतीने. भोंगा फोनच्या बाहेरून येतो, सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येतो आणि त्याला ‘नंतर पाहू’ म्हणता येत नाही. शिवाय तो सुरू करण्याइतकाच थांबवण्यासाठीही वाजतो. साडेआठला मोकळीक आहे हे ठाऊक असल्यामुळे सात वाजताचा नकार जड जात नाही. आयुष्यभराचा उपवास कुणी करत नाही, एकादशी मात्र अनेक जण करतात.

सात ही वेळही सहज सापडलेली नाही. मराठी घरांत तिला नाव होते, दिवेलागण, आणि त्या नावाभोवती घराची एक घडी होती: ओटीवर दिवा लागला की बाहेरची मुले आत यायची, झोपलेल्याला उठवायचे, परवचा म्हणायचा, म्हणजे पाढे आणि स्तोत्रे मोठ्याने घोकायची. वारकरी परंपरा रुजलेल्या मुळशीतल्या गावांत हीच वेळ देवळातल्या हरिपाठाची आहे. विजेचा दिवा आल्यावर दिवेलागण हा प्रसंग उरला नाही, बटण कधीही दाबता येते म्हणून. आणि टीव्ही आल्यावर तीच वेळ जाहिरातदारांच्या हिशेबात सर्वांत महाग वेळ झाली. म्हणजे वडगावने नवे काही काढले नसून, जी वेळ आधीच गावाची होती ती परत मागितली आहे. मात्र मुळशीत हा तास हरिपाठाच्या नावाने लावावा असे या पत्राचे म्हणणे नाही. तालुक्यात वारकरी आहेत तशा बौद्ध वस्त्या आहेत, मुसलमानांची घरे आहेत, कातकरी वाड्या आणि धनगरपाडे आहेत, बाहेरून कामाला आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत आहेत. तो तास सगळ्यांचा व्हायचा असेल तर त्यात काय करायचे हे ठरवून देऊ नये, काय करायचे नाही एवढेच ठरवावे. देवराईतही कोणी काय करावे याचा नियम नसतो.

याच काळात दुसरा एक मार्गही पुढे आला होता. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला मनाई करणारा ठराव केला. त्यामागची कळकळ खरी होती याबद्दल शंका नाही, पण ग्रामसभांनी बांशीऐवजी वडगावचा धडा गिरवावा. मुलांनी फोन ठेवायचा आणि मोठ्यांनी हातात धरून त्यांच्यावर नजर ठेवायची, यात मुलाला जे शिकायला मिळते ते अवधान नव्हे. मोठे होण्याची वाट पाहणे एवढेच तो शिकतो. दंड लावला की फोन गोधडीखाली जातो आणि गावात चुगलखोर तयार होतात. वडगावच्या नियमात सरपंचाचा फोनही बंद असतो, आणि तिथेच त्याचे बळ आहे.

आक्षेप घेतले जातील आणि त्यांतले काही बरोबर असतील. हिंजवडीत रात्रपाळीला गाडी चालवणारा, सोसायटीच्या दारावर पहारा करणारा किंवा घरपोच माल पोचवणारा मुळशीतला तरुण सात वाजता फोन बंद करू शकत नाही. त्याची भाकरी त्या पडद्यावर उमटते. गरोदर बाई घरात असेल तर १०८ क्रमांक लागलाच पाहिजे. यासाठी नियमात अपवाद लिहून ठेवण्याची गरज नाही, एवढी समजूत गावाला असतेच. फोन वाजला तर घ्यावा आणि बोलून झाले की ठेवावा, कारण प्रश्न बोलण्याचा नसून न संपणाऱ्या गुंडाळीचा आहे. अधिक अवघड आक्षेप बायकांचा आहे आणि तो बहुधा कुणी सभेत उठून बोलणार नाही. सात ते साडेआठ ही स्वयंपाकाची वेळ आहे. मुलगा अभ्यास करतो, सासरा पोथी वाचतो, नवरा ओट्यावर गप्पा मारतो आणि तिची भाकरी थापणे चालूच राहते, उलट तव्यासमोर ऐकू येणारी मालिका हा तिचा दिवसातला एकमेव विरंगुळा तेवढा काढून घेतला जातो, असे झाले तर गावाने अवधान मिळवले ते एकीच्या खर्चाने मिळवले असे होईल. म्हणून हा विषय आधी महिलांच्या सभेत जावा, वेळ त्यांनी ठरवावी, आणि ती साडेसात किंवा नऊ ठरली तरी चालेल.

शनिवार-रविवारच्या पाहुण्यांविषयी थोडेच लिहिणे पुरे. ज्या ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला त्या घाटात पावसाळी रविवारी उभे राहिले तर धबधब्याइतकेच उंचावलेले फोन दिसतात, आणि भाजलेल्या कणसाच्या गाडीवरचे छोटे यंत्र पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून किती रुपये जमा झाले ते सांगत असते. कणीसवाल्याला ते यंत्र हवेच आहे, त्याच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. पण चित्रणासाठी कड्याच्या टोकाला जाऊन जीव गमावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या या भागातून येतात, आणि पाहुण्यांना शिस्त लावण्याचे काम केवळ बंदीहुकमांनी होत नाही हेही दर पावसाळ्यात दिसते. ज्या गावात संध्याकाळी भोंगा वाजतो आणि रिसॉर्टचा व्यवस्थापकही त्या तासात ध्वनिवर्धक बंद ठेवतो, त्या गावात आलेला पाहुणा काहीतरी पाहून जाईल.

शेवटी या खोऱ्याच्या स्मृतीतली एक गोष्ट, जी तालुक्यात पाठ आहे म्हणून विस्तार नको. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना पुढे ‘सेनापती’ हे बिरुद चिकटले ते याच लढ्यामुळे. धरण थांबले नाही. १९२७ मध्ये पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला उतरले, वीज मुंबईला गेली आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या लढ्याचे साधन पाहिले तर ते अगदी साधे होते: माणसे कामाच्या जागी जाऊन बसली. हजर राहिली. जमीन जाणार हे दिसत होते, नोटीस आलेली होती, मोबदल्याचा आकडा बोलला जात होता, म्हणून कुठे हजर राहायचे ते त्यांना कळले. आज घराघरांतून जे नेले जाते त्याची नोटीस येत नाही, त्याचे क्षेत्र सातबाऱ्यावर नोंदलेले नसते आणि मोबदला म्हणून उलट फुकट करमणूक दिली जाते, त्यामुळे विरोध कुठे बसून करायचा हेच समजत नाही. त्याची जागा, बहुधा, स्वतःचाच ओटा आहे. याच बापटांनी पारनेरला असताना झाडू घेऊन गावचे रस्ते स्वतः झाडण्याचा नेम धरला होता, ही बाब त्यांच्या चरित्रात सत्याग्रहाइतक्या ठळकपणे सांगितली जात नाही. रोज त्याच वेळी, तेच काम, त्याच रस्त्यावर.

तेव्हा विनंती अशी आहे की २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. त्याआधी महिलांच्या सभेत तो मांडावा. वडगावच्या मंडळींना एकदा बोलावून त्यांना काय जमले आणि काय जमले नाही हे तोंडावर विचारावे. ठराव झाला तर तो एका महिन्यापुरता करावा, त्यात दंडाचे कलम घालू नये, आणि त्याची दवंडी व्हॉट्सॲपवर न देता गावात फिरून द्यावी. ज्या वाड्यांवर अजून रेंज पोचलेली नाही त्यांच्या टॉवरच्या मागणीचा ठराव मात्र त्याच सभेत याच्या आधी घ्यावा. ज्याला फोन लावता येतो त्यालाच तो बंद ठेवण्याचा अर्थ असतो, आणि पावसाळ्यात त्या वाडीवर कुणाला साप चावला तर गावाचा तास पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

कळावे.